चोचीएवढ्या खिडकीचा खेळ

एका जंगलात एक धनेश पक्षी राहत होता. जंगल कोणते, ते विचारू नका. सांगितले तर तुम्ही तिथे सहलीला जाल आणि वेफर्सची पाकिटे टाकून याल.

धनेशाचे नाव विश्वंभर. विश्वंभर म्हणजे साऱ्या विश्वाचे पोट भरणारा. नाव त्याच्या आत्याने ठेवले होते. आत्या हौशी होती.

त्याच्या बायकोचे नाव रेवती. ही गोष्ट खरे तर तिची आहे. पण गोष्टीत नवऱ्याचे नाव आधी घ्यायची पद्धत आहे, म्हणून घेतले.

आता मुलांनो, धनेशांची एक रीत आहे. ती आधी नीट समजून घ्या. अंडे घालायची वेळ आली की धनेशाची बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. मग ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून टाकतात. फक्त एक उभी, अरुंद खिडकी ठेवतात. चोच जाईल एवढी. आत बसल्या बसल्या तिच्या पंखांची सगळी पिसे गळून पडतात. नवी यायला तीन महिने लागतात. तोवर तिला उडता येत नाही. भिंत फोडून बाहेर आली, तर सरळ खाली पडेल. आणि खाली कोल्हा असतो. म्हणून तिच्या आणि पिल्लाच्या पोटात जे काही जायचे ते त्या खिडकीतून जायचे, आणि ते नवऱ्याने आणायचे.

ही रीत कोणी ठरवली? धनेशांच्या पूर्वजांनी. ठरवणाऱ्यांमध्ये ढोलीत बसणाऱ्या किती आणि फांदीवर बसणारे किती, याची नोंद सापडत नाही.

त्या जंगलात सगळ्यांकडे मोबाईल होते. जंगलात मोबाईल कसे आले, असे विचारू नका. तुमच्या घरात कसे आले ते तरी तुम्हाला कुठे आठवते आहे?

मोबाईलवर कुणी काम करत नसे. जंगलात काम असे फारसे नसतेच. सगळे घरबसल्या, मजेखातर खेळ खेळत. साळिंदर फुगे फोडायचा खेळ खेळे. त्याला फुगे फोडायला खेळाची काहीच गरज नव्हती, पण तो तोच खेळे. धामण सापाचा खेळ खेळे. त्यात साप दाणे खाऊन लांब लांब होत जातो आणि शेवटी आपल्याच शेपटीवर आपटून मरतो. धामण रोज सात-आठदा मरे आणि उरलेला दिवस खिन्न असे. वटवाघळे कोडी सोडवत. उलटी लटकून सोडवत, त्यामुळे त्यांची उत्तरे कुणालाच तपासता येत नसत.

विश्वंभरचा खेळ फळांचा होता. पडद्यावर रंगीबेरंगी फळे असत. तीन सारखी फळे एका ओळीत आणली की ती फुटत आणि आवाज येई, ‘ठिंग!’ मग एक गोड आवाज म्हणे, ‘शाब्बास!’ एक पातळी संपली की दुसरी सुरू होई. विश्वंभर मोबाईल पंजाखाली धरी आणि चोचीने टिचक्या मारी. चोच एवढी मोठी, की एका टिचकीत दोन फळे हलत आणि चूक होई. मग तो पुन्हा पहिल्यापासून खेळे.

यात वाईट काय? काहीच नाही. रेवतीलाही काही वाईट वाटत नव्हते. लग्न झाल्यावर ती त्याच्याशेजारी बसून त्याला सांगायची, ‘अहो, ते जांभूळ खाली घ्या.’ तो घ्यायचा. ठिंग व्हायचे. दोघे हसायची.

मग अंडे घालायची वेळ आली. रेवती बेहड्याच्या झाडावरच्या ढोलीत गेली. विश्वंभरने चिखलाचे गोळे आणून दिले. रेवतीने आतून भिंत लिंपली. शेवटचा गोळा देताना तो खिडकीशी वाकला.

“अगं, काळजी करू नकोस,” तो म्हणाला. “दिवसाला साठ उंबरं आणीन.”

“चाळीस पुरेत,” रेवती म्हणाली.

“साठ म्हणजे साठ! मी आहे ना!”

पहिल्या दिवशी त्याने साठ उंबरे आणली. दुसऱ्या दिवशी बावन्न. आठवडा उलटला आणि उंबरे वीसवर आली. मग बारावर.

असे नव्हे की विश्वंभर कुठे लांब भटकत होता. तो तिथेच होता. खिडकीसमोरच्या फांदीवर. रेवतीला खिडकीतून त्याचा एक पाय दिसे, शेपटीचा तुकडा दिसे आणि पंजाखालचा उजेड दिसे.

“अहो,” ती आतून म्हणे, “भूक लागली.”

“आलोच. एवढी पातळी संपू दे.”

“सकाळपासून तीच पातळी चालली आहे.”

“अगं, अवघड आहे ती! मध्ये बर्फ आहे. बर्फात फणस अडकला आहे.”

“फणस कशाला? आपण फणस खातच नाही.”

“तुला नाही कळायचं त्यातलं,” विश्वंभर म्हणे.

काही वेळाने फांदीवरून मोठा सुस्कारा येई.

“काय झालं?”

“संपले. माझे पाचही जीव संपले. आता अर्धा तास थांबावं लागेल.”

“पाच जीव आहेत होय तुम्हाला?” रेवती म्हणाली. “माझ्याकडे दोनच आहेत. एक माझा आणि एक या अंड्यातला. त्या अर्ध्या तासात जरा उंबरावर जाऊन या.”

“जातो,” विश्वंभर म्हणाला आणि खरोखर निघाला. पण वाटेत त्याला साळिंदर भेटला. साळिंदराने आपले जीव त्याला पाठवले. शेजारधर्म म्हणतात तो हाच. विश्वंभर परत येऊन फांदीवर बसला.

चाळीस दिवस झाले आणि अंडे फुटले. पिल्लू बाहेर आले. आंधळे, गुलाबी, आणि नुसते तोंड. रेवतीने आपल्यापुढचे शेवटचे उंबर चोचीने ठेचून त्याला भरवले. ते संपले, आणि पिल्लाने पुन्हा तोंड उघडले.

तेव्हा मात्र रेवती घाबरली. तिच्या अंगावर उडायचे एकही पीस नव्हते. भिंत फोडायची म्हटली तर चोचीत तेवढे बळ उरले नव्हते. आणि पिल्लाचे तोंड काही मिटत नव्हते.

ती रडली. रडणे ऐकून विश्वंभरला फार वाईट वाटले. मन रमवायला त्याने दोन पातळ्या खेळल्या.

ती रागावली. “काही वाटतं का तुम्हाला? बाप आहात ना?” असे म्हणाली. मग विश्वंभरलाही राग आला. “सारखी टोचून बोलतेस. मी काय नुसता बसलो आहे का?” तो म्हणाला. तो नुसता बसला नव्हता, हे खरे होते.

तिने त्याला रीत सांगितली. धनेशांचे घराणे, पूर्वज, कर्तव्य, सगळे सांगितले. विश्वंभरने सगळे ऐकून घेतले. मान हलवली. मान हलवताना त्याची चोच पडद्याला लागली आणि चुकून चार पेरू फुटले. तो आनंदाने ओरडला.

त्याच झाडाच्या शेंड्यावर शेकरूमावशी राहत. शेकरूमावशी म्हणजे मोठी तांबडी खार. शेपटी झुबकेदार, आवाज तिखट. त्यांचा मोबाईल मागेच फांदीवरून पडून फुटला होता. त्यामुळे त्यांना जंगलात काय चालले आहे ते दिसत असे.

त्या खिडकीपाशी आल्या आणि आत डोकावल्या. “अगंबाई! किती वाळलीस गं रेवती. थांब, मी पंचायतीत जाते.”

जंगलाचा सरपंच गवा होता. शेकरूमावशी गेल्या तेव्हा गवा ठोकळ्यांचा खेळ खेळत होता. वरून ठोकळे पडतात, ते खाली नीट रचायचे असतात.

“सरपंच, बेहड्यावरची धनेशीण उपाशी आहे,” शेकरूमावशी म्हणाल्या.

“गंभीर बाब आहे,” गवा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “लक्ष घालतो. एक उभा ठोकळा येऊ दे.”

शेकरूमावशी थांबल्या. उभा ठोकळा दुपारी आला. मग गव्याने लक्ष घातले, आणि पंचायतीने ठराव केला, की या विषयावर एक व्याख्यान ठेवावे.

व्याख्यान द्यायला एक तरुण तांबट पक्षी मिळाला. तो दूरच्या अरण्यात शिकून नुकताच परतला होता आणि जंगल सुधारायचे ठरवूनच आला होता. विषय होता, ‘खेळ : एक विळखा’. तांबट सव्वा तास बोलला. “मित्रांनो, जागे व्हा!” असे अकरा वेळा म्हणाला. प्राण्यांनी पुढचे पाय आपटून दाद दिली. मागच्या रांगेत बसलेल्यांना दाद देता आली नाही, कारण त्यांचे पाय गुंतलेले होते.

विश्वंभर व्याख्यानाहून परतला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

“काय बोलला तो पोरगा!” तो खिडकीपाशी येऊन म्हणाला. “अगं, मला आतून हलवून सोडलं. मी ठरवलं. उद्यापासून बंद.”

“खरंच?” रेवती म्हणाली.

“अगदी बंद. आज शेवटचा दिवस आहे, म्हणून जरा मनसोक्त खेळून घेतो.”

आणि तो फांदीवर बसला.

पिल्लाचा आवाज त्या दिवशी बारीक झाला. भुकेल्या पिल्लाचा आवाज आधी मोठा होतो, मग आणखी मोठा होतो, आणि मग बारीक होतो. तो बारीक झाला की आईने घाबरायचे असते. रेवतीने त्याला पोटाखाली घेतले आणि ती गप्प बसली. बोलायचे होते ते सगळे बोलून झाले होते.

गप्प बसल्यामुळे तिला ऐकू येऊ लागले.

बाहेर चालले होते, ठिंग. ठिंग. शाब्बास! ठिंग. वाहवा! आता फक्त दोनच उरले! ठिंग.

रेवती विचार करू लागली. हा खेळ यांना देतो तरी काय? उंबर देत नाही. किडा देत नाही. पाण्याचा थेंबसुद्धा देत नाही. देतो तो फक्त आवाज. आणि मी गेले दोन महिने यांना काय म्हणते आहे? उशीर झाला. कमी आणलंत. कालच्यापेक्षाही कमी. तो खेळ कमी म्हणत नाही. तो म्हणतो, दोनच उरले.

तिला राग आला. फार राग आला. स्वतःच्या पिल्लाला घास आणायचा, आणि त्याबद्दल शाब्बास म्हणायचे? तिला कुणी म्हटले होते शाब्बास? अंडे घातले तेव्हा? चाळीस दिवस ते उबवले तेव्हा?

पोटाखाली पिल्लू हलले. अगदी जरासे हलले.

रेवतीने राग गिळला. तेवढेच तिला त्या दिवशी गिळायला मिळाले. मग तिने चोच ढोलीच्या सुक्या लाकडावर आपटली.

ठिंग!

बाहेर विश्वंभरची टिचकी थांबली. त्याने मोबाईलकडे पाहिले. मग खिडकीकडे पाहिले.

“हे काय वाजलं?”

“अहो, अभिनंदन,” रेवती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली. “या खिडकीची पहिली पातळी तुम्ही केव्हाच पार केलीत. दुसरी उघडली आहे.”

“दुसरी? दुसरीत काय आहे?”

“तीन उंबरं. एकापाठोपाठ. तिन्ही लाल हवीत.”

“वेळ किती?”

रेवतीने खिडकीतून समोरच्या फांदीवरच्या उन्हाच्या पट्ट्याकडे पाहिले. “ऊन फांदीच्या त्या गाठीवर पोचेपर्यंत.”

“एवढाच?” विश्वंभर ओरडला. पण ओरडला तेव्हा तो हवेत होता.

ऊन गाठीवर पोचायच्या आत तो परतला. धापा टाकत होता. पहिले उंबर आत आले. ठिंग! दुसरे आले. ठिंग! तिसरे आले.

“शाब्बास,” रेवती म्हणाली. तो शब्द तिच्या घशातून जरा खरवडत बाहेर आला. “दोन तारे.”

“दोनच? तीन का नाहीत?”

“शेवटचं हिरवट होतं.”

“चल, पुन्हा!” विश्वंभर म्हणाला आणि उडाला.

मुलांनो, त्या दिवशी रेवतीने आणि पिल्लाने पोटभर खाल्ले. दुसऱ्या दिवशीही खाल्ले. रेवतीने रोज नव्या पातळ्या काढल्या. दहाव्या पातळीला पाच उंबरे आणि एक जांभूळ. सतराव्या पातळीला डोळे मिटून खिडकी शोधायची. पिल्लाला किड्यामाकोड्यांची गरज असते, म्हणून विसाव्या पातळीला सरडा आणला तर जादा तारा. सरड्यांना हा नियम आवडला नाही. पण त्यांना कुणी विचारले नव्हते.

विश्वंभरचा मोबाईल फांदीच्या बेचक्यात पडून राहिला. त्यावर शेवाळ चढले. विश्वंभर सडपातळ झाला, त्याच्या पंखांना तकाकी आली. “आजकाल फार फ्रेश वाटतं,” असे तो सगळ्यांना सांगू लागला. बापपण म्हणजे काय ते त्याने साळिंदराला समजावून सांगितले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण विश्वंभरने साळिंदराला सांगितले तसे दत्तोबालाही सांगितले.

दत्तोबा हा ओढ्यापलीकडचा धनेश. त्याची बायको शालन. तीही त्याच दिवसांत ढोलीत बसली होती, ओढ्यापलीकडच्या जांभळीवर. दत्तोबा मोबाईलवर गाड्यांच्या शर्यती खेळत असे.

दत्तोबाने विश्वंभरला खिडकीपाशी पाहिले. तीन उंबरे, ठिंग, ठिंग, ठिंग. त्याच्या पंजांना कंड सुटली.

“वहिनी,” तो खिडकीशी येऊन अदबीने म्हणाला, “मी एक डाव खेळू का?”

रेवती आतून म्हणाली, “भावोजी, तुमच्या घरी खिडकी आहे की!”

“आमच्या खिडकीत पातळ्या नाहीत हो. नुसती ही असते.”

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. तीन लालभडक उंबरे त्याने एका दमात आत ढकलली आणि कान टवकारले. रेवती गप्प राहिली. पण पिल्लू आता मोठे झाले होते. त्याने आईचे पाहून लाकडावर चोच आपटली. ठिंग! ठिंग! ठिंग!

“तीन तारे!” दत्तोबा नाचू लागला. “पहिल्याच डावात!”

चार दिवसांत जंगलातले सगळे नर धनेश बेहड्यावर जमले. शेकरूमावशींनी खोडाच्या सालीवर नखाने नावे कोरली आणि प्रत्येकाच्या पुढे ताऱ्यांच्या रेघा ओढल्या. त्यांना आयुष्यात प्रथमच कुणीतरी मान देत होते.

“रांगेत या!” त्या शेपटी उडवून ओरडत. “चोच पुसून या! अर्धवट चावलेलं उंबर चालणार नाही! अहो विश्वंभर, तुम्ही घरचे असलात म्हणून काय झालं? मागे उभे राहा!”

विश्वंभर तिसऱ्या क्रमांकावर घसरला होता. त्याला झोप लागेना.

आत उंबरांचा ढीग झाला. रेवतीच्या पोटापर्यंत आला, मग मानेपर्यंत. पिल्लू ढिगावर बसून झोपे. उंबरे आंबू लागली. त्या वासाने रेवतीला गरगरे.

“पुरे!” ती आतून ओरडली. “आता काही आणू नका! पोट भरलं!”

बाहेर सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मग दत्तोबा हळूच म्हणाला, “ही कुठली पातळी?”

“अवघड दिसते,” दुसरा म्हणाला. “विरोध आहे हिच्यात.”

आणि उंबरे दुप्पट येऊ लागली.

एका दुपारी सगळे उंबरावर गेले असताना रेवतीला ओढ्यापलीकडून एक आवाज ऐकू आला. टक. टक. टक. चोच लाकडावर आपटल्याचा आवाज. ठिंग नव्हे. तो खेळाचा आवाज नव्हता. त्याच्यामागून एका पिल्लाचा आवाज आला. तो बारीक होता.

रेवतीने तो आवाज लगेच ओळखला.

“शेकरूमावशी,” तिने हाक मारली, “जांभळीवर जाऊन या. शालनला सांगा, खिडकीतून ठिंग म्हण. शाब्बास म्हण. दोनच उरले म्हण. भावोजी येतील.”

शेकरूमावशी गेल्या आणि लगेच परतल्या. त्यांचे तोंड उतरले होते.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, रेवतीला सांगा, मी माझ्या हक्काचा घास नाचून-गाऊन मागणार नाही. पोर त्याचंही आहे. त्याला आपणहून आणू दे. नाहीतर नको.”

रेवतीने उंबरांच्या ढिगात मान घातली. शालनचे सगळे खरे होते. तिने स्वतः नेमके हेच म्हटले असते. म्हटले होतेच की. पण खरे बोलून शालनचे पिल्लू जगणार नव्हते.

आता तिच्यापुढे मोठा पेच पडला. बेहड्यावरचा खेळ एकदम बंद करावा, तर सगळे नर आपापल्या मोबाईलकडे जाणार. मग शालनचे पिल्लूही उपाशी, तिचे स्वतःचेही उपाशी, आणि बाकीच्या साऱ्या ढोल्यांतलीही. चालू ठेवावा, तर सगळ्या जंगलाची उंबरे तिच्याच मानेपर्यंत.

नर परतले. दत्तोबा रांगेत पहिला होता. त्याची पन्नासावी पातळी चालू होती. त्याने शेवटचे उंबर आत ढकलले.

ठिंग! रेवतीने चोच आपटली आणि मोठ्याने म्हणाली, “शाब्बास, भावोजी! या खिडकीतल्या पन्नास पातळ्या संपल्या. पुढचा खेळ अवघड आहे. तो इथे नाही.”

“कुठे आहे?” दत्तोबाने विचारले.

“एक्कावन्नावी पातळी ओढ्यापलीकडच्या जांभळीवर आहे.”

“ती तर आमचीच जांभळी!”

“नशीबवान आहात,” रेवती म्हणाली. “आणि बाकीच्यांनीही ऐका. ज्याची त्याची एक्कावन्नावी पातळी ज्याच्या त्याच्या झाडावर आहे. ती दुसऱ्या कुणाला उघडत नाही.”

एका क्षणात बेहडा रिकामा झाला.

पुढचे शेकरूमावशींनी येऊन सांगितले. दत्तोबा घशात सोळा उंबरे घेऊन जांभळीवर पोचला. खिडकीतून पहिले उंबर आत सरकवले.

“कोण आहे?” आतून शालनने विचारले.

“मी. एक्कावन्नावी पातळी इथेच ना?”

 मग ते उंबर खिडकीतून वेगाने बाहेर आले आणि दत्तोबाच्या कपाळावर आपटले.

“चालते व्हा!” शालन ओरडली. “इतक्या दिवसांनी आठवण झाली?”

दत्तोबाने कपाळ चोळले. त्याचे डोळे चमकू लागले.

“बापरे,” तो पुटपुटला. “ही खरंच अवघड आहे.”

त्याने दुसरे उंबर दिले. तेही परत आले. तिसरे आले. चौथे आले नाही. चौथे तिने पिल्लाला भरवले. दत्तोबा आनंदाने उसळला आणि आणखी आणायला धावला. शालन एकदाही शाब्बास म्हणाली नाही. तोंडाला येईल ते बोलली. दत्तोबा सगळ्यांना सांगत सुटला, की त्याला मिळालेली पातळी जंगलात सर्वांत वरची आहे, आणि इतर नर त्याच्याकडे आदराने पाहू लागले.

पंधरा दिवसांनी रेवतीच्या पंखांवर नवी पिसे पुरती आली. तिने आतून भिंतीवर घाव घातले. वाळलेला चिखल कोसळला. त्याच्याबरोबर टोपलीभर उंबरेही खाली गेली. खालच्या कोल्ह्याने वर पाहिले, उंबरे पाहिली आणि तोंड वाकडे केले.

रेवती बाहेर आली. तीन महिन्यांनी तिने अख्खे आकाश पाहिले. समोर विश्वंभर उभा होता. तिला वाटले, आता तो काहीतरी बोलेल. 

विश्वंभर भिंतीच्या ढिगाऱ्याकडे पाहत होता.

“अगं, फोडलीस का?” तो कळवळून म्हणाला. “माझी अठ्ठ्याहत्तरावी चालू होती!”

इतक्यात आतून खरवडल्याचा आवाज आला. पिल्लू चोचीने चिखल गोळा करून ढोलीचे तोंड पुन्हा लिंपत होते. ही धनेशांचीच रीत आहे. आई बाहेर पडली की पिल्लू स्वतःला आतून कोंडून घेते आणि उडता येईपर्यंत आत राहते. मग आई आणि बाप दोघांनी मिळून त्याला भरवायचे असते.

भिंत पूर्ण झाली. मध्ये एक खिडकी राहिली. चोच जाईल एवढी.

रेवतीने विश्वंभरकडे पाहिले नाही. ती स्वतः उंबरावर गेली. तीन महिन्यांनंतरचे पहिलेच उड्डाण. पंख दुखत होते. तिने फांदीफांदी हिंडून झाडावरचे सर्वांत पिकलेले, सर्वांत गोड उंबर निवडले. चोचीच्या टोकात जपून धरले. परत आली आणि खिडकीतून हळूच आत दिले.

“घे रे बाळा,” ती म्हणाली. “आईने आणलंय.”

आत पिल्लाने उंबर चाखले. मग त्याने लाकडावर चोच आपटली. एकदाच.

“एक तारा,” पिल्लू म्हणाले.

रेवती खिडकीसमोर तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर शालन आली, शालनने फेकून मारलेले उंबर आले. या पोराला बाहेर ओढून दोन शब्द सुनवावेत असे तिला वाटले. आई म्हणजे काय, ते सांगावे. भूक म्हणजे काय, ते तर त्याला माहीत होतेच.

“एकच?” ती शेवटी म्हणाली. “का रे?”

“उशीर झाला,” पिल्लू म्हणाले. “आता फक्त दोनच उरले. ऊन गाठीवर पोचायच्या आत.”

रेवतीने वळून उन्हाच्या पट्ट्याकडे पाहिले. गाठ अजून बोटभर लांब होती.

ती उडाली.

तात्पर्य : भूक लागली असता रडू नये, भांडू नये आणि हक्काची भाषा तर मुळीच करू नये, त्याने खेळणाऱ्यांचा विरस होतो. आपली भूक होईल तितकी रंजक करून मांडावी. एवढे सांगूनही कुणी उपाशी राहिलेच, तर त्याची भूक कंटाळवाणी होती असे समजावे आणि पुढच्या पातळीकडे वळावे.